जीवनध्येयाचा कागद: अंबडच्या एका सुपरवायझरचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ चाळिशीला टेकलेले असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मशीन शॉपचे सुपरवायझर आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यांचे नाव दिलेले नाही व घरचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे. त्यांचे घराणे तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आईवडील शरणपूर रोडच्या परिसरातील जुन्या घरात राहतात, आणि हे स्वतः पत्नी व दोन मुलांसह इंदिरानगरला कर्जावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये. पत्नी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते आणि त्यांना नेण्या-आणण्याचे काम बहुतेक वेळा यांच्याकडेच असे.

मंडळीतही, म्हणजे चर्चच्या समुदायातही, हा माणूस हाताशी असणारा. पास्टोरेट कमिटीचे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सचिवपद, संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग, क्वायर, नाताळच्या नाटकाचे दिग्दर्शन आणि दफनभूमीच्या कुंपणाचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला पत्रव्यवहार, एवढे सगळे एकाच वेळी त्यांच्या अंगावर होते. आपल्या मंडळ्यांमध्ये असे चार-पाच लोक असतातच. काम त्यांच्याकडे जाते, कारण ते नाही म्हणत नाहीत.

अडचण कशी उभी राहिली

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी प्रत्येक कुटुंबाला नव्या वर्षासाठी आपले जीवनध्येय, म्हणजे हल्ली सर्रास ज्याला ‘व्हिजन’ म्हणतात ते, लिहून काढण्यास सांगितले. या गृहस्थांनी ते मनावर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात अकरा ओळींचा एक कागद तयार केला. ‘परमेश्वराच्या गौरवासाठी जगणे’, ‘कुटुंबाला ख्रिस्ती संस्कार देणे’, ‘समाजात मीठ व प्रकाश होणे’, ‘मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे असणे’, अशा त्या ओळी होत्या. कागद लॅमिनेट होऊन फ्रिजवर लागला.

जानेवारीच्या मध्याला पुण्याजवळच्या चाकणच्या एका मोठ्या कंपनीकडून त्यांना नोकरीचा प्रस्ताव आला. पगार सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त, हुद्दा असिस्टंट मॅनेजरचा, उत्तर फेब्रुवारीअखेर हवे. त्या रात्री त्यांनी फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला आणि त्यांच्या लक्षात आले की अकरापैकी एकही ओळ ‘जा’ म्हणत नव्हती आणि ‘जाऊ नको’ही म्हणत नव्हती. देवाचे गौरव चाकणलाही करता येते. मीठ आणि प्रकाश पुण्यातही लागतात. नोकरीत वरची जागा मिळणे हीच देवाची योजना असेल, असे एक मन म्हणे आणि आजारी बापाला सोडून जाण्याला योजना म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे, असे दुसरे. याच टप्प्यावर ते पाळकसाहेबांकडे गेले, आणि पाळकसाहेबांनी प्रस्तुत लेखकाला त्यांच्याबरोबर बसण्यास सांगितले.

त्या अकरा ओळींत खोटे काहीच नव्हते. पण त्या मंडळीतल्या कोणाच्याही नावावर खपल्या असत्या, आणि जे सगळ्यांना सारखेच लागू पडते त्याच्या आधारे एका माणसाला एक निर्णय घेता येत नाही. प्रीती करा, पवित्र राहा, देवाचे गौरव करा, या सर्व विश्वासणाऱ्यांना दिलेल्या आज्ञा आहेत. त्या पाळायच्या की नाही हा प्रश्नच नाही. मी, या शहरात, या कुटुंबात, माझ्या हाताला असलेल्या या कसबाने त्या कशा पाळणार आहे, आणि त्यासाठी काय बाजूला ठेवणार आहे, हे वैयक्तिक ध्येयाच्या कागदाने सांगायचे असते. मंडळीची आणि घरची इतकी कामे करणाऱ्या या माणसाच्या कागदात सोडून देण्याची एकही गोष्ट नव्हती.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग कंपनीच्या प्रशिक्षणातला. तिथे त्यांना एक छापील फॉर्म मिळाला होता: पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, त्यासाठी तीन टप्पे कोणते, प्रत्येक टप्प्याची तारीख काय. या फॉर्मला नाके मुरडण्याचे कारण नाही. तारीख आणि टप्पा लिहायला लावला की माणूस हवेत बोलत नाही, आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हे लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूनेच सांगितले आहे. त्या फॉर्मची मर्यादा वेगळी होती. त्यात सगळी वाक्ये ‘मी’पासून सुरू होऊन ‘मी’वरच संपत, आणि आजारी वडील हे तिथे ‘अडथळे’ या रकान्यात जात.

दुसरा मार्ग वाट पाहण्याचा: देव स्पष्ट बोलेल तेव्हा लिहू. तिसरा मार्ग यातूनच फुटला. नाशिकरोडच्या एका प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून “तुमच्यासाठी मोठे दार उघडले आहे, मागे पाहू नका,” असे सांगितले. प्रचारकाला चाकणबद्दल काही माहीत नव्हते, त्यामुळे हे शब्द गृहस्थांच्या मनावर फार बसले. इथे काय करायचे हा निर्णयाचा पहिला खरा क्षण होता. असे बोलणे थट्टेवारी नेऊ नये आणि पारखल्यावाचून स्वीकारूही नये, हे प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. म्हणून ते शब्द तारखेसह वहीत लिहून ठेवले आणि इतर सर्व पडताळणी झाल्यावरच त्यांच्याकडे परत यायचे असे ठरवले. ‘मोठे दार’ म्हणजे मोठा पगार, हा अर्थ प्रचारकाने दिलेला नव्हता; तो ऐकणाऱ्याने लावला होता.

चौथा मार्ग संथ होता: मागे पाहणे, माणसांना विचारणे, मसुदा लिहिणे आणि तो खऱ्या निर्णयांवर घासून पाहणे. हाच निवडला. याच दरम्यान बायबलमधील नीतिसूत्रे 29:18 चा पूर्वार्ध त्यांना तिघांनी तरी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दर्शन नसले की लोक अनावर होतात, तेव्हा ताबडतोब व्हिजन लिहा, असा त्याचा रोख. त्याच वचनाचा उत्तरार्ध नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. तिथे विषय देवाचे वचन लोकांपर्यंत पोहोचण्याचा आहे, कोणाच्या पाच वर्षांच्या बेताचा नाही. या खुलाशाने निदान घाई तरी कमी झाली. बायबलमधील नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार; त्याने यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी किसलेव या यहुदी महिन्यात ऐकली आणि राजासमोर तोंड उघडले ते नीसानमध्ये, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. आणि बोलला तेव्हा पत्रे कोणाच्या नावे हवीत आणि लाकूड कुठल्या वनातून हवे हेही त्याला सांगता आले. प्रार्थना आणि तपशील यांचे वैर नसते, हे त्या दोन अध्यायांवरून कळते. गृहस्थांकडे चार महिने नव्हते, जेमतेम सहा आठवडे होते.

प्रत्यक्ष काय केले

सुरुवात नहेम्याच्या रात्रीच्या पाहणीसारखी झाली: कोणाला न सांगता पडझड मोजणे. त्यांनी एका आठवड्याचा तासवार हिशेब लिहिला. त्यात मंडळीच्या बैठका, पत्रव्यवहार आणि फोन यांना संडे स्कूलच्या तयारीच्या कितीतरी पट वेळ जात होता. मुलांचा धडा ते शनिवारी रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप असताना वाचत. घरी सगळ्यांनी मिळून जेवलेली संध्याकाळ त्या आठवड्यात एकही नव्हती.

पुढचा प्रश्न होता की आजवर तुमच्या हातून कोणाचे खरोखर भले झाले, आणि तसे कोण म्हणते. त्यांनी अपेक्षेप्रमाणे नाताळचे नाटक व कमिटीची कामे सांगितली. नंतर, जवळजवळ जाता जाता, एका ट्रेनी मुलाची गोष्ट निघाली. आयटीआय करून आलेला हा मुलगा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर होता. ड्रॉइंगमध्ये शाफ्टचा व्यास 24.95 ते 25.00 मिलिमीटर दिलेला, आणि दर तासाला एक पीस मोजून इन्स्पेक्शन शीटवर आकडा लिहायचा. शिफ्ट संपताना यांनी शीट पाहिली तर आठही रकान्यांत 24.98. खरे मशीन आठ तासांत आठदा तोच आकडा देत नाही, टूल झिजते. त्यांनी मुलाला ओरडण्याऐवजी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, हातात दिला, आधी झिरो तपासायला लावला आणि शेवटचा पीस मोजायला सांगितले. आकडा आला 25.02. मग दोघांनी बसून त्या शिफ्टचा सगळा माल पुन्हा मोजला, खराब माल वेगळा काढला आणि रिपोर्टमध्ये खरे आकडे लिहिले. त्या दिवशीच्या रिजेक्शनबद्दल मॅनेजरची बोलणी यांनी स्वतः खाल्ली. तो मुलगा आता दुसऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आणि अजूनही दर दिवाळीला फराळ घेऊन यांच्या घरी येतो.

ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. तुम्ही याला सेवा म्हणाल का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “ही तर ड्यूटी झाली. सेवा म्हणजे चर्चची.” माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गाठ या उत्तरात होती. देवाचे काम मंडळीच्या आवारात होते आणि अंबडला फक्त पगार मिळतो, अशी त्यांची विभागणी असल्यामुळे दिवसाचे नऊ-दहा तास त्यांच्या जीवनध्येयाच्या बाहेरच पडत होते. मग ध्येयाचा कागद स्फूर्ती देणार कुठून?

त्यांच्या आजोबांच्या परिसराचा इतिहासच इथे उपयोगी पडला. शरणपूरची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने उभी केली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणली जात आणि त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवले जात. मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले जेकब वेनराइट होते, आणि 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीलाही ते उपस्थित होते. लिव्हिंग्स्टनची कथा गृहस्थांना पाठ होती. त्याच ठिकाणी करवत आणि भाता शिकवणे हाही शुभवर्तमानाच्या कामाचा भाग मानला गेला होता, याकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

पत्नीला कागद दाखवायचा की नाही, हा दुसरा अवघड टप्पा होता. गृहस्थांचे म्हणणे, आधी माझे मला स्पष्ट होऊ दे, मग तिला सांगेन. लेखकाने कच्चा मसुदाच दाखवण्याचा आग्रह धरला. पत्नीने तो वाचला आणि म्हणाल्या, “टिळकांनी बाप्तिस्मा घेतला ते लक्ष्मीबाईंना नंतर कळलं. मला निदान कागद तरी आधी दिसला.” संदर्भ नाशिकच्या ख्रिस्ती घरांत कोणालाही कळेल: हे टिळक म्हणजे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. लक्ष्मीबाई इथल्या जवळच्याच जलालपूरच्या, टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि स्वतः लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये. मधल्या वर्षांत एका माणसाच्या प्रामाणिक दर्शनाची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली. थट्टेनंतर पत्नीने मुद्द्याचा प्रश्न विचारला. चाकणला गेलो तर माझी नोकरी सुटणार आणि न गेलो तर तुमची बढती सुटणार, हे दोन्ही मसुद्यात कुठे आहे? तिथे ते नव्हते.

मसुदा चार वेळा फिरला. त्यांच्या परवानगीने अंतिम कागद जवळपास पूर्ण देत आहे:

“प्रभू येशूने मला ज्या कृपेने सावरले तिला उत्तर म्हणून मी माझ्या हातातली कारागिरी पुढच्या मुलांना देण्यासाठी जगेन. माझ्याकडे आलेला शिकाऊ मुलगा, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याला ड्रॉइंग वाचता येईपर्यंत आणि खरे माप लिहिण्याची सवय लागेपर्यंत मी त्याला सोडणार नाही. पप्पांचा उपचार चालू आहे तोवर मी नाशिक सोडणार नाही. मंडळीत संडे स्कूल हे एकच काम करीन आणि ते तयारीने करीन. बुधवारची आणि रविवारची संध्याकाळ घरची. पत्नीच्या नोकरीचा प्रश्न माझ्या नोकरीच्या मागे उभा केला जाणार नाही. प्रभूची इच्छा असेल तर हे सर्व. दर वर्षी इस्टर झाल्यावर दोघांनी बसून पुन्हा वाचायचे.”

‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द सवयीने आलेले नाहीत. याकोबाच्या पत्रातला हा इशारा, उद्या अमुक शहरी जाऊन व्यापार करू असे ठामपणे म्हणणाऱ्यांना आहे. याला पूरक उदाहरण पौलाचे आहे: स्पेनला जाण्याचा बेत त्याने रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट लिहिला, त्यासाठी रोममधील मंडळीकडून मदतीची अपेक्षाही कळवली, पण तो स्पेनला पोहोचल्याची नोंद नव्या करारात नाही. बेत स्पष्ट असावा, आणि तो मोडला तर विश्वास मोडू नये, अशा दोन्ही गोष्टी कागदात मावायला हव्या होत्या.

कागद झाल्यावर तो तीन खऱ्या निर्णयांवर लावून पाहिला. चाकणचे उत्तर त्यात सरळ होते: वडिलांचा उपचार चालू असेपर्यंत नाही. सचिवपद सोडावे लागणार होते. नाताळच्या नाटकाचे दिग्दर्शनही, आणि हे तिसरे त्यांना सर्वांत जड गेले, कारण ते त्यांना मनापासून आवडत होते. शेवटी प्रचारकाचे शब्द पुन्हा काढले. ‘मोठे दार’ नेमके कोणते, याचा निवाडा न करता ते वहीत तसेच ठेवण्याचे ठरले. बाकी सर्व साक्षी एका दिशेला असताना त्या एका वाक्यावर नोकरी बदलणे कोणालाच योग्य वाटले नाही.

परिणाम

चाकणला नकार कळवला गेला. त्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात फ्लॅटच्या हप्त्याचा ताण जाणवला आणि गृहस्थांना काही दिवस निर्णयाचा पश्चात्तापही झाला. ते इथे मुद्दाम नमूद करतो, कारण अशा लेखनात निर्णयानंतर लगेच शांती मिळाल्याचे सांगण्याची पद्धत पडली आहे.

सचिवपद सोडल्याने मंडळीत कुरबुर झाली. जबाबदारी टाळतो, कंपनीत मोठा साहेब झाला का, असे सूर उमटले. पाळकसाहेबांनी पाठीशी उभे राहून कमिटीचे काम दोघा तरुणांत वाटून दिले. दफनभूमीच्या कुंपणाचा पत्रव्यवहार मात्र अजून कोणी हातात घेतलेला नाही.

कारखान्याने शनिवारी दुपारी शिफ्टनंतर ट्रेनिंग रूम वापरू दिली. पहिल्या खेपेला पाच मुले आली, पुढे कधी दोन तर कधी आठ. व्हर्निअर व मायक्रोमीटरची ओळख, ड्रॉइंगमधली चिन्हे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), आणि रिपोर्ट भरताना खोटे लिहिण्याचा मोह कधी होतो याविषयी मोकळे बोलणे, असा तो वर्ग. तिथे बायबल उघडले जात नाही. कारखान्याची जागा आहे आणि मुलांवर सुपरवायझरचा अधिकार चालतो, तेव्हा त्या अधिकाराचा उपयोग धर्म सांगण्यासाठी करायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले. कोणी विचारले, तुम्ही हे का करता, तर ते उत्तर देतात, तेही चहाच्या टपरीवर. मंडळीतील काहींना हा संकोच वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो.

सुमारे सव्वा वर्षाने वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. शेवटच्या महिन्यांत डायलिसिसच्या खुर्चीजवळ बसून बापलेकांचे जे बोलणे झाले ते चाकणहून झाले नसते, असे गृहस्थ म्हणतात. पण त्याच क्षणी कागदातली एक ओळ संपली होती आणि नाशिकमध्ये राहण्याचे लिहिलेले कारणही त्याबरोबर संपले होते.

वेगळे काय करता आले असते

पत्नीचा सहभाग मसुद्यापासून न होता तासवार हिशेबापासून व्हायला हवा होता. तो आठवडा दोघांनी आपापला लिहिला असता, तर घरातली किती ओझी कोणाच्या डोक्यावर आहेत हे पहिल्याच आठवड्यात दिसले असते, आणि पत्नीच्या नोकरीची ओळ चौथ्या मसुद्याऐवजी पहिल्या मसुद्यात आली असती.

आईचा उल्लेख कागदात नाही, ही उणीव वडील गेल्यावरच उघडी पडली. ‘पप्पांचा उपचार चालू आहे तोवर’ ही अट आजाराला बांधलेली होती. ती माणसांना बांधायला हवी होती. अट जितकी नेमकी तितका निर्णय सोपा, हे खरे आहे, पण ती अट संपल्यावर काय, याची एक ओळ आधीच लिहून ठेवणे अवघड नव्हते.

मंडळीतली जबाबदारी सोडताना कागद कमिटीपुढे वाचून दाखवण्यात आला, तेही टाळता आले असते. देवापुढे घरात केलेला विचार बैठकीत वाचला की तो सफाई दिल्यासारखा होतो, आणि ऐकणाऱ्यांना त्यात आपल्यावरची टीका ऐकू येते. मुदत देऊन, पुढचा माणूस तयार करून पद सोडले असते तर बोलणी निम्मी झाली असती. पाळकांनीही सर्व कुटुंबांना एकाच रात्री ध्येय लिहायला सांगण्याऐवजी, ज्यांच्यासमोर खरोखर निर्णय उभा आहे अशा दोन-तीन घरांबरोबर उपवासकाळात, म्हणजे इस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, बसावे, असे मला वाटते. त्या 31 डिसेंबरचे बाकीचे लॅमिनेट केलेले कागद आज किती घरांत उरले असतील, याची चौकशी कोणी केलेली नाही.

या वर्षीच्या इस्टरनंतरच्या वाचनात वडिलांची ओळ काढून आईची घालण्यात आली. पत्नीने आपला वेगळा कागद लिहायला घेतला आहे. त्यांना घरी खिळलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण घ्यायचे आहे, आणि त्याचे वर्ग नेमके शनिवारी दुपारी भरतात. धाकट्या मुलाकडे त्या वेळी कोणी बघायचे, हे दोन्ही कागदांत अजून लिहिलेले नाही. पुढच्या बुधवारी बसायचे ठरले आहे.